दोन तीरांचें एक शहर

राज्यें जोडल्याच्या तारखा इतिहासकार काळजीपूर्वक टिपून ठेवितात. गांवें जोडल्याच्या तारखांकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. वस्तुतः सामान्य गृहस्थाचा कर, पाणी आणि दिवाबत्ती यांचा संबंध या दुसऱ्या प्रकारच्या तारखांशींच अधिक असतो. मराठवाड्यांतील अशी एक तारीख म्हणजे २६ मार्च १९९७. त्या दिवशीं गोदावरीच्या उत्तर तीरावरील नांदेड व दक्षिणेकडील वाघाळा या दोन नगरपालिका मिळून एक महानगरपालिका झाली.

या जोडणींत कोणी काय दिलें? गुरु गोविंदसिंगांचें १७०८ सालीं येथें महानिर्वाण झालें, तेव्हांपासून नांदेडचें नांव सर्व देशांत आहे. वाघाळ्यास जिल्ह्याबाहेर फारसें कोणी ओळखीत नव्हतें. परंतु क्षेत्रफळ पाहूं जातां जुनें नांदेड सुमारें साडेवीस चौरस किलोमीटर, तर वाघाळा व त्याच्यासवें आलेलीं सहा खेडीं मिळून सुमारें एकतीस! कीर्ति एका तीराची, जमीन दुसऱ्याची. दाटलेल्या जुन्या पेठांस पसरावयास जागा दक्षिणेसच होती, आणि सिडकोनें तेथें नव्या वसाहतीस पूर्वींच आरंभ केला होता. लोक पूल ओलांडून एकत्र नांदूं लागले होते. कायदा मागाहून आला.

एकीचा लाभ उघड आहे. विष्णुपुरीच्या पाण्याची वांटणी करावयास दोन भांडणारे कारभारी राहिले नाहींत. २००८ सालीं गुरुता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा आला, तेव्हां रस्ते, घाट व पाणीपुरवठा यांची आखणी करावयास एकच संस्था होती.

तथापि केवळ दर्जा वाढल्यानें शहर सुखी होत नाहीं. शेजारच्या लातुरास २०११ सालीं महानगरपालिका मिळाली. तेथें दुसरी नगरपालिका जोडली गेली नव्हती, फक्त पदवी वाढली. पांच वर्षांनीं, एप्रिल २०१६ मध्यें, त्याच लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पदवीनें विहिरी भरत नाहींत.

शिवाय प्रत्येक जोडणीची किंमत धाकट्या भागीदारास द्यावी लागते. वाघाळ्याचा कारभार वाघाळ्यांत होत असे. तो आतां नदीपलीकडच्या कचेरींत गेला. ब्रुकलिन शहर न्यूयॉर्कमध्यें १८९८ सालीं विलीन झालें, त्यापूर्वीं १८९४ मध्यें तेथील नागरिकांचें मत घेतलें गेलें. बहुमत अवघ्या २७७ मतांचें निघालें. आपल्याकडे अधिसूचना निघते, हरकती मागवितात, मत मात्र विचारीत नाहींत.

म्हणून आम्हांस असें वाटतें कीं, जें मत आधीं विचारलें नाहीं, त्याची भरपाई मागाहून कारभारानें केली पाहिजे. महानगरपालिकेच्या पाटीवर वाघाळा राहिलें. लोकांच्या बोलण्यांत शहर नांदेडच राहिलें. त्याचें दुःख मानण्याचें कारण नाहीं. परंतु गुरुद्वाराच्या रस्त्यावरील दिवा आणि वाघाळ्याच्या शेवटच्या गल्लींतील दिवा सारखाच लागतो कीं नाहीं, यावरूनच हीं दोन गांवें खरोखर एक झालीं कीं नाहींत, तें ठरावयाचें आहे.