'प्रो' कन्सोलची कुळकथा

घरातला प्लेस्टेशन नीट चालत असताना त्याच पिढीतला, जरा जास्त ताकदीचा दुसरा प्लेस्टेशन घ्यावा का? हा प्रश्न 'प्रो' या नावाच्या पंचवीसेक वर्षं आधीपासूनचा आहे.

कन्सोलचं एक सुख असतं. यंत्र पाच-सहा वर्षं बदलत नाही, त्यामुळे खेळ बनवणारा आणि घेणारा दोघेही निर्धास्त. या सुखात लवकर खोडा घातला तो जपानच्या एनईसी कंपनीने. तिचं पीसी इंजिन १९८७ साली आलं आणि १९८९ संपता संपता त्याचा दांडगा भाऊ सुपरग्राफ्क्स आला. जुने खेळ त्यावर चालत, पण खास त्याच्यासाठी निघाले अवघे पाच.

खरी शोभा झाली ती सेगाची. जानेवारी १९९४मध्ये सेगाच्या अमेरिकी शाखेचे लोक लास वेगासच्या प्रदर्शनात होते. सेगाचा १६ बिटांचा कन्सोल जेनेसिस म्हातारा होत चाललेला, तर सॅटर्न हा नवा कन्सोल अजून यायचा होता. मधली पोकळी भरायला जपानहून सुधारित जेनेसिसचा विचार पुढे आला. अमेरिकी शाखेतल्या जो मिलर यांचं म्हणणं पडलं की नवं यंत्र नको, जुन्यावरच चढवता येईल असा जोड द्या. त्यातून निघाला ३२एक्स. जेनेसिसच्या डोक्यावर उगवलेल्या अळंबीसारखा दिसायचा. आत हिताचीचे दोन एसएच-२ प्रोसेसर, किंमत १६० डॉलर. त्याला वेगळा पॉवर अडॅप्टर लागे. ज्याने आधीच सेगा सीडीचा जोडही घेतला होता, त्याच्या भिंतीवर एकाच कन्सोलसाठी तीन अडॅप्टर लोंबू लागले!

नोव्हेंबर १९९४मध्ये ३२एक्स अमेरिकेच्या दुकानांत आला आणि त्याच महिन्यात सॅटर्न जपानमध्ये विकायला लागला. म्हणजे पूल बांधून होतो न होतो तोच पलीकडचा काठ अलीकडे आलेला. ३२एक्ससाठी खेळ लिहायचे तर कोणासाठी, हा प्रश्न कंपन्यांनी विचारलाच. चाळीसच्या आसपास खेळांवर गाडी थांबली. उरलेला माल पुढे वीस डॉलरांना निघाला. १६० मोजणाऱ्याला काय वाटलं असेल!

निन्टेन्डोने हाच डाव शहाणपणाने खेळला. १९९८चा एक्सपान्शन पॅक म्हणजे निन्टेन्डो ६४च्या पोटात बसणारी फक्त ४ एमबीची जादा मेमरी. पुढच्या वर्षी 'डाँकी काँग ६४'ला तो पॅक लागणारच होता, तेव्हा कंपनीने तो खेळासोबतच दिला.

सोनीने नोव्हेंबर २०१६मध्ये पीएस४ प्रो आणला तेव्हा नियम घातला : केवळ प्रोवर चालणारा खेळ काढायचा नाही. गणनशक्ती १.८४ टेराफ्लॉप्सवरून ४.२वर गेली, किंमत ३९९ डॉलर. वर्षभराने मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन एक्स ६ टेराफ्लॉप्स घेऊन आला, तोही याच वाटेने. या नियमाने जुन्या गिऱ्हाइकाला निदान कागदावर अभय दिलं, पण त्यातच प्रोची मर्यादाही आली. खास खेळ नाहीत, म्हणजे मिळणार ते जास्त रेखीव चित्र आणि जास्त स्थिर फ्रेम. त्यातला रेखीवपणा नीट दिसायला ४के टीव्ही हवा.

कागदावर म्हणतो, कारण डिसेंबर २०२०मध्ये 'सायबरपंक २०७७' हा खेळ साध्या पीएस४वर इतका रडतखडत चालला की सोनीने तो आपल्या डिजिटल दुकानातून काढून टाकला. जूनमध्ये परत ठेवला, तो पीएस४ प्रो किंवा पीएस५वर खेळण्याची शिफारस करत.

नोव्हेंबर २०२४चा पीएस५ प्रो त्याच कुळातला. सोनीच्या दाव्यानुसार चित्र रंगवण्याचा वेग ४५ टक्के जास्त. किंमत मात्र आला तेव्हा ७०० डॉलर होती, आणि त्यात डिस्क ड्राइव्ह नाही, ती वेगळी घ्यायची. भारतात तर तो तेव्हा आलाच नाही : त्यातल्या वाय-फाय ७ला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे खुला झालेला नव्हता.

तेव्हा, पहिलाच कन्सोल घेत असाल, घरात मोठा ४के टीव्ही असेल आणि पैशाची ओढ नसेल, तर प्रो घ्या. साधा पीएस५ घरात असेल तर घेऊ नका. सेकंडहँड डिस्का आणून खेळणाऱ्याने तर दुकानात चौकशीलाही जाऊ नये.