चारशे वर्षांचा हिशेब

साम्यवादाला पायबंद घालण्यासाठी १९५० साली कोरियाच्या यादवीत सैन्य उतरविणाऱ्या अमेरिकेने गोव्याचा प्रश्नही त्याच चष्म्यातून पाहिला, असे आम्हांस वाटते. सालाझारचा पोर्तुगाल 'नाटो'चा सभासद. शिवाय अझोर्स बेटांवरील तळ अमेरिकेस हवा. नोव्हेंबर १९५५ मध्ये बुल्गानिन व क्रुश्चेव्ह यांनी भारतात पोर्तुगालवर टीका केली, तोच २ डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस व पोर्तुगालचे कुन्या यांचे संयुक्त पत्रक निघाले. त्यात या वसाहतींना 'प्रांत' म्हटले होते. चार दिवसांनी डलेससाहेबांनी पत्रकारांना सांगितले की, गोवा सुमारे चारशे वर्षे पोर्तुगीजांचाच आहे.

तिसवाडी, बारदेश, सासष्टी या जुन्या काबिजादींपुरते ते एक वेळ मान्य करू. पण पेडणे-डिचोलीचे काय? डिचोली पोर्तुगीजांच्या हाती पडली १७८१ साली. पेडणे सावंतवाडीकरांकडून गेले १७८८ साली. अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा! म्हणजे डलेससाहेबांच्या देशाने परकीय जू झुगारल्यानंतर हे महाल परकीय जुवाखाली गेले. एवढा साधा सनावळीचा हिशेबही कोणी त्यांच्यापुढे मांडलेला दिसत नाही.

१८ डिसेंबर १९६१ रोजी सुरक्षा समितीत भारताविरुद्धच्या ठरावास सात मते पडली. तो अडला रशियाच्या नकाराधिकाराने. दुसऱ्या दिवशी गोव्यातील पोर्तुगीज सैन्य शरण आले.