मातृभाषेतील पदवी आणि ३५ वर्षांची प्रतीक्षा

१/४ मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. उच्च शिक्षण म्हणजे इंग्रजीतून शिक्षण, असे समीकरणच रूढ झाले. १९१६ साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात ते मोडले.

२/४ जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका वाचून त्यांनी स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ उभारले. अध्यापन मातृभाषेतून, इंग्रजी हा केवळ एक अनिवार्य विषय. गृहशास्त्र, आरोग्यशास्त्र यांनाही अभ्यासक्रमात स्थान मिळाले. म्हणजे भाषेची चौकट मोडली, गृहिणीपदाची मात्र टिकली.

३/४ आरंभी विद्यार्थिनी अवघ्या ५. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसी यांच्या १५ लाखांच्या देणगीने आर्थिक पाया मिळाला. वैधानिक मान्यतेसाठी मात्र १९५१ साल उजाडावे लागले.

४/४ तोवर पदवी घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थिनीने या प्रयोगाची जोखीम स्वतः पत्करली होती. संस्थापकाइतकेच श्रेय त्यांचेही आहे.