स्प्रिंग वाकली, दोष कुणाचा?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर भाचा त्याची जिम्नी घेऊन दारात आला. गाडी दोन इंच उचलून आणली होती. "मामू, आता कशी दिसते?" दिसत होती रुबाबदार. पण मी पुढच्या चाकाच्या आत वाकून पाहिले, तर कॉईल स्प्रिंग सरळ उभी नव्हती. मधोमध धनुष्यासारखी फुगली होती. एक चक्कर मारली तेव्हा कळले की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून जागेवर येत नाही आणि खड्ड्यात टणकन आवाज होतो. ज्याने हे काम केले होते त्याचे म्हणणे एवढेच, की स्प्रिंगची जोडी खराब निघाली, दुसरी घ्या. म्हणजे पुन्हा तेवढाच खर्च.

मी मेकॅनिक नाही. पण जीपशी आमच्या घराचे नाते जुने आहे. अब्बा सरकारी खात्यात जीपचे ड्रायव्हर होते. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या कामांवर साहेबांना घेऊन त्यांनी जी जीप पळवली, तिच्याखाली पाटे होते. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. टांग्याला असत तसेच. पाटा तुटला तर अब्बा लाकडाची फळी लावून दोर आवळायचे आणि पुढच्या गावच्या लोहारापर्यंत गाडी न्यायचे. भाच्याच्या गाडीखाली ही सोय नाही. ती का नाही, हे समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागते.

1941 साली दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी जीप घडवली, तेव्हा तिला चारही बाजूंनी पाटेच दिले. त्यात शहाणपण होते. पाटा एकटा दोन कामे करतो. तो गाडीचे वजन पेलतो आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. त्याचे एक टोक चासीला पिनने जोडलेले, दुसरे शॅकलवर झुलणारे आणि मधोमध ॲक्सल यू बोल्टने आवळलेला. बाकी दांडे-आर्म काही लागत नाहीत.

हीच जीप आपल्याकडे आली त्या कथेत आपल्या समाजाचेही एक पान आहे. 1945 साली जगदीशचंद्र आणि कैलासचंद्र महिंद्रा या बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर कंपनी काढली. तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. धंदा पोलादाचा. फाळणी झाली आणि अलीगढला शिकलेले गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. पुढे 1951 मध्ये ते तिथले गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. आद्याक्षरे तेवढी तीच राहिली. याच कंपनीने 1940 च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. अब्बांची जीप त्याच वंशातली. भारतीय रस्त्यांवर पुढची कित्येक दशके पाट्यांचेच राज्य राहिले. 1985 साली आलेली मारुतीची जिप्सीसुद्धा शेवटपर्यंत पाट्यांवरच चालली.

पाट्याचा दोष म्हणजे त्याचा ताठपणा. पट्ट्या एकमेकींवर घासतात, बारीक धक्का तसाच आत येतो आणि चाकाला वर-खाली फार मोकळीक मिळत नाही. यावर उपाय म्हणून कॉईल स्प्रिंग आली. फोर्डने 1966 च्या ब्रॉन्कोला पुढच्या बाजूला कॉईल दिली. 1970 मध्ये इंग्लंडच्या रेंज रोव्हरने चारही चाकांना लांब पल्ल्याच्या कॉईल देऊन दाखवून दिले, की अखंड ॲक्सलची दणकट गाडीही माणसाचे कंबरडे न मोडता डोंगर चढू शकते. 1979 ला मर्सिडीजची जी-वॅगन आणि 1983 ला लँड रोव्हरची 110 याच वाटेने गेली. 1990 च्या दशकात जीप रँग्लर आणि सुझुकीची जिम्नीही कॉईलवर आल्या. आपल्याकडे 2020 ची नवी थार मागे-पुढे कॉईल घेऊन आली. पाच दारांची जिम्नी 2023 ला आली.

या प्रवासात एक गोष्ट सुटली, आणि सगळे दुखणे तिथे आहे. कॉईल फक्त वजन पेलते. ॲक्सलला धरून ठेवणे तिला जमत नाही. म्हणून ते काम दुसऱ्यांवर सोपवले गेले. जिम्नीच्या प्रत्येक ॲक्सलला दोन लांब आर्म असतात, ते त्याला मागेपुढे सरकू देत नाहीत. एक आडवा दांडा असतो, तो त्याला डावी-उजवीकडे जाऊ देत नाही. याला पॅनहार्ड रॉड म्हणतात, फ्रान्सच्या पॅनहार्ड कंपनीच्या नावावरून. कंपनीने या सगळ्यांची लांबी आणि कोन एका ठरलेल्या उंचीसाठी बेतलेले असतात. आपण स्प्रिंग बदलतो आणि उंची बदलते, पण आर्म आणि दांडा तेवढेच राहतात.

हे मला ज्यांनी समजावले ते आमच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गाडीखाली डोके घालून ते पहिले वाक्य बोलले, "स्प्रिंगकू कायकू कोसते मियाँ? उनो तो खाली वजन उठाती." मग त्यांनी एकेक गोष्ट क्रमाने तपासली.

आधी गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी केली. जॅकवर लटकलेल्या ॲक्सलकडे पाहून निदान करायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजले. मग स्प्रिंगची बैठक पाहिली. कॉईलचे कापलेले टोक खालच्या वाटीतल्या खाचेला टेकलेले हवे. डाव्या बाजूला ते अर्ध्या फेऱ्याने भलतीकडे होते. टणकन आवाज त्याचाच. वरचे रबर बसले आहे का आणि डावी-उजवी स्प्रिंग अदलाबदल झाली नाही ना, हेही पाहिले. काही किटमध्ये दोन्हींची लांबी वेगळी असते. गाडी उचलून कॉईल फिरवली, जागेवर बसवली. आवाज गेला. फुगवटा थोडा कमी झाला, पण गेला नाही.

मग आर्मकडे वळले. पुढच्या आर्मचे मागचे टोक चासीला आणि पुढचे टोक ॲक्सलला असते. चासी वर गेली की आर्म पुढे उतरता होतो आणि त्याच्याबरोबर ॲक्सल फिरतो. ॲक्सलवरची वाटी पुढे कलते, वरची बैठक मात्र होती तशीच. दोन बैठका समोरासमोर राहिल्या नाहीत की मधली कॉईल वाकणारच. याच फिरण्याने कॅस्टर कमी होतो, म्हणून स्टिअरिंग आपणहून परत येत नव्हते. अलाइनमेंटच्या दुकानात हे सुटत नाही. अखंड ॲक्सलच्या गाडीत तिथे सहसा फक्त टो जुळवता येतो. यावर उपाय म्हणजे ज्यांचे भोक मध्यापासून सरकवलेले असते असे ऑफसेट बुश आर्ममध्ये बसवायचे. त्याने ॲक्सल पुन्हा मूळ कोनाजवळ येतो.

बुशचे बोल्टही आधीच्याने ॲक्सल हवेत लटकत असताना आवळले होते. त्यामुळे गाडी जमिनीवर येताच रबर पिळले गेले आणि तसेच राहिले. चाचांनी सगळे बोल्ट, गाडीचे वजन चाकांवर असताना, पुन्हा आवळले.

राहिला आडवा दांडा. मी कागदावर हिशेब केला. समजा दांडा 900 मिमी लांब आणि त्याच्या दोन टोकांच्या उंचीत 100 मिमीचा फरक. गाडी 50 मिमी उचलली तर ॲक्सल एका बाजूला सुमारे 7 मिमी सरकतो. चाक एकीकडे बाहेर, दुसरीकडे आत. त्यासाठी लांबी जुळवता येणारा दांडा लागला. शेवटी शॉकॲब्सॉर्बर पूर्ण खुलल्यावर कॉईल बैठकीतून निसटत नाही ना आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हे पाहिले. ती नळी तुटली तर घाटात काय होईल, हे कुणाला सांगायला नको.

एवढे करूनही थोडासा बाक राहिला. चाचा म्हणाले, तो राहणारच. आर्म कमानीत फिरतात, त्यामुळे प्रत्येक उंचीला दोन्ही बैठका अगदी समांतर राहू शकत नाहीत. कॉईल चासीला घासत असेल, वेढे एकमेकांना भिडत असतील किंवा टोक जागा सोडत असेल, तरच चिंता करायची. नवी जोडी घेतली असती तर तीही तशीच वाकली असती.

भाच्याला मी एक गोष्ट वेगळी सांगितली. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला आडकाठी करते, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले आहे. हौस करण्याआधी हे विचारायला हवे होते. तो गप्प बसला. चार दिवसांनी मूळ उंचीच्या स्प्रिंग आणि जुने बुश परत बसवून घ्यायला तो स्वतःच चाचांकडे गेला. आडव्या दांड्याची लांबीही पहिल्यासारखी करून घेतली. या वेळी बोल्ट आवळण्याआधी त्यानेच विचारले, "चाचा, गाडी पहले नीचे लूं ना?"

अब्बा असते तर खूश झाले असते. पाट्यांच्या जीपमध्ये ते नेहमी म्हणायचे, जे मोडलेले दिसते ते आधी बदलू नका, ते कशाने मोडले ते आधी बघा.