कामाचा ताण सुट्टीत उतरतो का? तो कसा मोजतात?

रविवारभर घरी असूनही सोमवारी थकवा तसाच, ही तक्रार नेहमी ऐकू येते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर या तपासण्या ठीक असतील, तर सुट्टी कशी गेली हे पाहावे लागते.

ताण का उतरत नाही?

कामाच्या ताणात नाडी आणि रक्तदाब वाढतो. काम थांबल्यावर ते पूर्वपदावर यायला हवेत. पण मन कामातच अडकले असेल, तर शरीर सैलावत नाही आणि झोप बिघडते.

कसे मोजतात?

साबिने झोनेनटाग आणि शार्लोट फ्रिट्झ या संशोधकांनी २००७ मध्ये यासाठी १६ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. मोकळ्या वेळेबद्दलच्या प्रत्येक विधानाला १ (अजिबात पटत नाही) ते ५ (पूर्ण पटते) गुण द्यायचे. विधानांचे चार गट आहेत:

- अलिप्तता: कामाचे विचार थांबतात का?
- निवांतपणा: शरीर-मन सैल होते का?
- नवे शिकणे: पोहणे, गाणे, नवी भाषा असे काही करता का?
- स्वतःचा ताबा: वेळ कसा घालवायचा हे तुम्ही ठरवता का?

प्रत्येक गटाची वेगळी सरासरी काढतात.

गुणांचा उपयोग

यात पास-नापास नसते आणि आजाराचे निदानही होत नाही. नेमके काय कमी पडते आहे, एवढे कळते. अलिप्तता कमी असेल, तर निघण्यापूर्वी उद्याची कामे लिहून ठेवा आणि ऑफिसच्या ग्रुपचे नोटिफिकेशन बंद करा. नोकरीवरून येऊन स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासऱ्यांची औषधे सांभाळणाऱ्या बाईचा ‘ताबा’ कमी असेल, तर तिला ‘आराम कर’ म्हणून भागत नाही. घरच्यांनी त्यातली कामे उचलणे हाच तिच्यासाठी उपाय आहे. कामाचे तासच जास्त असतील, तर वरिष्ठांशी बोलावे लागेल.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ उदास वाटणे, झोप न लागणे किंवा दारू वाढणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांना भेटा. छातीत दुखल्यास ताण समजून थांबू नका, लगेच रुग्णालयात जा. जीव नकोसा वाटत असेल, तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येते.