घरातली दुरुस्ती स्वतः करताना होणाऱ्या दुखापती : कोणती घरी सांभाळावी, कोणती नाही

पावसाळ्याआधी पत्रे आणि कौले नीट करणे, दिवाळीच्या तोंडावर पंखे पुसणे, भिंतीला पुट्टी भरणे, नळाचा वॉशर बदलणे, तुंबलेली मोरी मोकळी करणे ही कामे बऱ्याच घरांत घरचीच माणसे करतात. बहुतेक वेळा खरचटणे किंवा बोटावर हातोडी बसणे यापलीकडे काही होत नाही. पण काही दुखापती सुरुवातीला क्षुल्लक वाटतात आणि पुढे डोळा, बोट किंवा जीवही धोक्यात आणतात.

म्हणून एक नियम लक्षात ठेवा : जखम किती मोठी आहे आणि किती दुखते, यापेक्षा ती कशी झाली याला जास्त महत्त्व द्या. या लेखात याच नियमाने दुखापतींचा विचार केला आहे.

या वेळी वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात जा

- डोळ्यात चुना, सिमेंट, ॲसिड किंवा मोरी साफ करण्याची पावडर गेली (आधी धुवा, मग निघा)
- धातूवर हातोडा मारताना किंवा ग्राइंडर चालवताना डोळ्यात काही लागले
- विजेच्या धक्क्यानंतर शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा धडधडले
- उंचावरून पडल्यावर उलट्या, गुंगी, मानेत किंवा पाठीत तीव्र वेदना, हातापायांत मुंग्या किंवा बधिरता
- दहा मिनिटे दाबून धरूनही रक्त थांबत नाही
- बोट तुटले, बधिर झाले किंवा वाकवता येत नाही
- दाबाच्या फवारणी यंत्राची धार त्वचेत घुसली

रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कोणत्याही आणीबाणीत ११२ क्रमांकावर फोन करता येतो.

डोळ्याच्या दुखापती

चुना आणि सिमेंट हे अल्कधर्मी पदार्थ आहेत. असे पदार्थ डोळ्याच्या पेशी विरघळवत आत शिरत राहतात, त्यामुळे ते बऱ्याचदा ॲसिडपेक्षाही जास्त नुकसान करतात. येथे पहिली काही मिनिटेच निर्णायक असतात. डॉक्टर शोधण्यात वेळ घालवू नका. जवळच्या नळाखाली डोळा धरा आणि किमान २० ते ३० मिनिटे धुवा. डोके अशा रीतीने कलते ठेवा की दुखावलेला डोळा खाली राहील आणि पाणी दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. पापण्या बोटांनी उघड्या धरा. वरच्या पापणीखाली चुन्याचे कण अडकतात, म्हणून डोळा सर्व दिशांना फिरवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर काढा. दूध, तूप, मध किंवा गुलाबपाणी घालू नका. धुतल्यावर बरे वाटले तरी नेत्रतज्ज्ञांकडे त्याच दिवशी जा.

धातूच्या कणाची गोष्ट वेगळी आहे. छिन्नीवर हातोडा मारताना उडालेला बारीक तुकडा वेगाने डोळ्याच्या आत जाऊ शकतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी असते, वेदना थोडी असते आणि नजरही सुरुवातीला ठीक वाटू शकते. असा संशय असेल तर डोळा चोळू नका, दाबू नका, धुऊ नका. काही रुतलेले दिसले तर ते काढू नका. डोळ्यावर कागदी कप उलटा ठेवून चिकटपट्टीने हलकेच बसवा आणि निघा. शस्त्रक्रिया लागू शकते म्हणून काही खाऊ-पिऊ नका. कण लोखंडाचा असू शकतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण अशा वेळी एमआरआय तपासणी धोक्याची ठरते.

साधा चष्मा कडेने उडणारे कण अडवत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, बाजूने झाकलेला संरक्षक चष्मा वापरा.

उंचावरून पडणे

पंखा पुसण्यासाठी प्लास्टिकची खुर्ची किंवा खुर्चीवर ठेवलेले स्टूल हे पडण्याचे नेहमीचे कारण आहे. भिंतीला टेकवायची शिडी असेल तर साधारण चार फूट उंचीला तिचा पाय भिंतीपासून एक फूट दूर ठेवा आणि खाली एकाला धरायला उभे करा. छपराच्या सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय ठेवू नका. जुना पत्रा वरून मजबूत दिसतो, पण वजनाने अचानक फुटतो. वजन विभागेल अशी रुंद फळी आधारांवर टाकल्याशिवाय वर जाऊ नये. पाऊस पडून गेल्यावर शेवाळलेल्या कौलांवर तर मुळीच चढू नये.

कोणी पडल्यास त्याला लगेच ओढून बसवू नका. मानेत किंवा पाठीत दुखत असेल, पाय हलत नसेल तर आहे तसे झोपू द्या आणि रुग्णवाहिका बोलवा. टाचांवर आपटलेल्या माणसाच्या मणक्याचेही हाड मोडलेले असू शकते, म्हणून पाय तपासताना पाठीकडे दुर्लक्ष होऊ देऊ नका.

डोक्याला मार लागला असेल तर पहिले २४ तास कोणीतरी सोबत असावे. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, बडबड, झोपेतून उठवणे कठीण जाणे, फिट येणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे ही धोक्याची लक्षणे आहेत. वयस्कर व्यक्ती आणि वॉरफेरिन, क्लोपिडोग्रेल यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे घेणारे यांच्यात मेंदूभोवतीचा रक्तस्राव हळूहळू साठतो आणि लक्षणे काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसतात. औषधे घेणाऱ्यांनी डोक्याला मार लागल्यावर लक्षणे नसली तरी त्याच दिवशी तपासून घ्यावे.

विजेचा धक्का

आपल्या घरांतला वीजपुरवठा २३० व्होल्टचा असतो. त्याने हाताचे स्नायू आवळले जातात आणि माणूस तार सोडू शकत नाही. अशा वेळी त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने तार दूर करा.

माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास नीट नसेल तर १०८ ला फोन करून लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोरात दाब द्यायला लागा : मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल. मदत येईपर्यंत थांबू नका.

त्वचेवरचा चट्टा लहान असला तरी आतल्या स्नायूंचे आणि हृदयाच्या ठोक्यांचे नुकसान झालेले असू शकते. शुद्ध हरपली असेल, धडधड असेल, भाजल्याची खूण असेल, प्रवाह एका हातातून दुसऱ्या हाताकडे गेला असेल किंवा व्यक्ती गर्भवती असेल तर ईसीजी करून घ्या.

एमसीबी जास्त भार आणि शॉर्टसर्किटपासून वायरिंग वाचवतो, माणसाला धक्क्यापासून नव्हे. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो घरात आहे का, हे इलेक्ट्रिशियनला विचारा. नुसता खोलीतला स्विच बंद करून पंख्याला हात घालू नका, मेन बंद करा. मायक्रोवेव्हचे प्लग काढले तरी आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरतो, म्हणून तो घरी उघडू नये.

कापणे, टोचणे आणि बोट तुटणे

- रक्तस्राव : स्वच्छ कापडाने दहा मिनिटे सलग दाबा. मध्येच उचलून पाहू नका. हळद, कॉफी पावडर किंवा टूथपेस्ट भरू नका. त्याने जखम अस्वच्छ होते आणि टाके घालण्यापूर्वी ती साफ करावी लागते.
- रुतलेली वस्तू : काच किंवा सळई खोल रुतली असेल तर ओढून काढू नका. भोवती कापडाचा आधार देऊन रुग्णालयात जा.
- तुटलेले बोट : तुकडा स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवल्यास गोठतो आणि जोडता येत नाही. हाताला सूज येण्याआधी अंगठी काढा.
- तळपायात खिळा : वरचे छिद्र मिटले तरी आत चपलेच्या रबराचा तुकडा किंवा जंतू राहू शकतात. दोन-तीन दिवसांनी वेदना वाढली तर तपासून घ्या. मधुमेह असेल तर वेदनेची वाट पाहू नका, कारण पायाची संवेदना कमी झालेली असू शकते.
- दाबाची धार : गाडी धुण्याच्या किंवा रंग फवारण्याच्या यंत्राची धार बोटात शिरल्यास फक्त एक ठिपका दिसतो. पण द्रव बोटाच्या आत लांबवर पसरतो. ही शस्त्रक्रियेची आणीबाणी आहे.

रसायने, धूळ आणि टाक्या

संडास साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. डोळे आणि घसा जळू लागल्यास लगेच उघड्या हवेत या. श्वास लागत असेल तर रुग्णालयात जा.

ओले सिमेंट त्वचेला लागल्यावर सुरुवातीला काही वाटत नाही आणि काही तासांनी खोल भाजल्याचे दिसते. बुटात किंवा गुडघ्याखाली सिमेंट गेले तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा. टर्पेंटाइन पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका. लहान मुलाने ते गिळल्यास उलटी करवू नका, कारण द्रव फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. बाटली सोबत घेऊन रुग्णालयात जा.

घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम इतकी ठरवणारा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा घासला तर शिशाची धूळ उडू शकते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ती घातक असते. जुना रंग ओला करून घासा. मुलांना आणि गर्भवतींना त्या खोलीपासून दूर ठेवा. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असू शकते, म्हणून तो घरी कापू किंवा छिद्र पाडू नये.

जमिनीखालची पाण्याची टाकी किंवा शोषखड्डा साफ करायला आत उतरू नका. आत प्राणवायू कमी किंवा विषारी वायू असू शकतो आणि त्याचा वास येईलच असे नाही. पहिला माणूस कोसळल्यावर त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. वरूनच अग्निशमन दलाला बोलवा.

धनुर्वाताचे इंजेक्शन प्रत्येक वेळी लागते का?

नाही. धनुर्वात गंजामुळे होत नाही. माती, धूळ आणि शेणात असलेल्या जंतूंमुळे तो होतो, त्यामुळे चकचकीत खिळ्यानेही होऊ शकतो. लसीचे मूळ तीन डोस झाले असतील तर स्वच्छ, किरकोळ जखमेला मागच्या डोसनंतर १० वर्षे झाल्यावरच बूस्टर लागतो. खोल किंवा मातीने माखलेल्या जखमेला ही मुदत ५ वर्षांची धरतात. डोस कधी घेतला ते आठवत नसेल तर डॉक्टरांना तसे सांगा. काही रुग्णांना लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते.

ही कामे कोणी करू नयेत?

चक्कर किंवा फिट येणाऱ्यांनी, झोप आणणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि मद्य घेतलेल्यांनी शिडी व विजेची कामे टाळावीत. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर उंचावरचे काम दुसऱ्याला द्या. कामासाठी औषध स्वतःहून बंद करू नका.

डॉक्टरांना काय सांगाल?

काय करत होता, कोणते अवजार किंवा रसायन होते, किती उंचीवरून पडलात, किती वाजता झाले, घरी काय उपचार केले, कोणती औषधे चालू आहेत आणि धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली. रसायनाचा डबा किंवा त्याच्या लेबलचा फोटो सोबत आणा. "थोडेसे लागले" एवढ्यावर थांबू नका. लहान जखमेमागची मोठी इजा डॉक्टरांना अनेकदा या माहितीवरूनच ओळखता येते.