दुसऱ्याच्या घोड्यावर : दख्खनमधील बारगीर, शिलेदार आणि जॉकी

महाराष्ट्रात परवानाधारक घोडेशर्यती आज मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर आणि पुण्यात भरतात. छत्रपती संभाजीनगरात त्या भरत नाहीत. तरीही शर्यतीच्या घोड्यावर पोटासाठी बसणाऱ्या माणसाचा, म्हणजे जॉकीचा, दख्खनमधील पूर्वेतिहास शोधू जाणाऱ्याला महालक्ष्मीच्या प्रेक्षागारापेक्षा या शहराच्या पागा आणि छावणी अधिक काही सांगतात. घोडा एकाचा आणि स्वारी दुसऱ्याची, ही जॉकीच्या धंद्याची मूळ अट आहे. ती इंग्रजांच्या टर्फ क्लबांबरोबर येथे प्रथमच आली असे मानण्याचे कारण नाही. क्लब स्थापन होण्यापूर्वी दोन शतके ती या भागात रुळलेली होती आणि अशा स्वाराला ‘बारगीर’ हे नावही होते.

मराठी घोडदळात स्वारांचे दोन वर्ग होते. स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार, आणि सरकारी किंवा सरदाराच्या पागेतील घोड्यावर बसून पगार घेणारा तो बारगीर. सभासदाच्या बखरीत शिवकालीन पागेची जी रचना दिली आहे तीत पंचवीस बारगीरांवर एक हवालदार नेमलेला असून तितक्याच घोड्यांमागे पाणी पुरवणारा पखालजी आणि नाल ठोकणारा नालबंद यांचीही सोय लावलेली दिसते. शिलेदाराची प्रतिष्ठा मोठी. ‘एकांडा शिलेदार’ हा शब्दप्रयोग आजही स्वतःच्या बळावर झुंजणाऱ्यासाठी कौतुकाने वापरला जातो. बारगीराला असा वाक्प्रचार मिळाला नाही, पण शिवाजी महाराजांच्या व्यवस्थेत भर पागेवर, म्हणजेच बारगीरांवर होता. याचे कारण व्यवहारी होते : शिलेदार आपले जनावर जपून लढतो, कारण ते मेले तर त्याची मिळकतच बुडते, तर पागेचा घोडा पडल्यास दुसरा मिळत असल्याने बारगीर अधिक धाडसाने घोडा घालू शकतो.

बारगीर हा शब्द फारसी असून ‘बार’ म्हणजे ओझे आणि ‘गीर’ म्हणजे घेणारा अशी त्याची फोड होते. ओझे वाहणाऱ्या जनावरासाठी असलेला शब्द त्या जनावरावर बसणाऱ्या माणसाला चिकटला, ही गोष्ट पुढे येणाऱ्या जॉकीच्या संदर्भात विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण शर्यतीच्या हिशेबात जॉकी हे मुख्यतः एक मोजून दिलेले ओझेच असते.

संभाजीनगराचा या शब्दाशी संबंध शहराच्या जन्मापासूनचा आहे. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी येथे हे शहर वसवले आणि मोगलांशी लढताना मराठा स्वारांच्या हलक्या, चपळ तुकड्यांचा त्याने असा वापर केला की ‘बर्गी’ हा शब्द मोगल लेखनात दख्खनी स्वारांसाठी सर्रास येऊ लागला. पुढे अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या तेव्हा तोच शब्द ‘बोर्गी’ होऊन तिकडच्या अंगाईगीतांत शिरला. पराक्रम आणि लूट दोन्ही ज्यांच्या नावे जमा झाली त्यांचा स्वतःचा घोडाही नव्हता, हे त्या अंगाया गाणाऱ्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

एकोणिसाव्या शतकात शहर निजामाच्या राज्यात होते आणि त्याच्या बाहेर हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. कंटिंजंट म्हणजे निजामाच्या खर्चाने पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज. तिच्याच खर्चापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. या फौजेतील घोडदळ शिलेदारी पद्धतीने चाले. पलटणीतील एका स्वाराच्या जागेला ‘आसामी’ म्हणत आणि ती आसामी ही जवळजवळ मालमत्ताच असे : ती विकत घेता येई, बापाकडून मुलाकडे जाई, आणि ज्याच्याकडे अनेक आसाम्या असत तो स्वतः एका घोड्यावर बसून उरलेल्या घोड्यांवर बारगीर बसवी. अशा रीतीने शिवकालीन शब्दांची जोडी इंग्रजी कवायतीखालीही टिकून राहिली, फक्त पागेचा धनी बदलला. जून १८५७ मध्ये याच छावणीतील पहिल्या घोडदळात असंतोष उसळला, तेव्हा पुण्याकडून आलेल्या जनरल वुडबर्नच्या फौजेने तो मोडून काढला. शहरातील क्रांती चौकाजवळचा काळा चबुतरा त्यानंतरच्या शिक्षांची आठवण म्हणून ओळखला जातो. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी लष्करात विलीन झाली, तिच्या रिसाल्यांतून ‘डेक्कन हॉर्स’सारख्या पलटणी घडल्या आणि पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ च्या सुमारास, शिलेदारी पद्धतच बंद करण्यात आली. स्वतःच्या घोड्यावर बसून पगार मिळवणारा माणूस दख्खनमधून नाहीसा झाला तो असा. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून पगार मिळवणारा मात्र राहिला.

रिसाल्याला घोडे लागत आणि घोड्यांच्या बाजारामागोमाग शर्यती येत. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टू काटक होते, पण शर्यतीच्या मैदानावर त्याचा निभाव लागत नसे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा हे मराठवाड्यातील घोड्यांच्या खरेदी-विक्रीचे जुने ठिकाण. अधिक किमतीचे अरबी घोडे मात्र बसरा आणि इराणी आखाताकडून गलबतांनी मुंबईस येत आणि तेथील अरब सौदागरांच्या तबेल्यांतून सैन्याच्या, संस्थानिकांच्या व शर्यतखोरांच्या हाती जात. पुढे ऑस्ट्रेलियातून ‘वेलर’ घोडे येऊ लागले. न्यू साउथ वेल्स या प्रांताच्या नावावरून हा शब्द पडला. निजामाच्या राज्यातील शर्यतींचे केंद्र राजधानीतच होते आणि सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्या कारकिर्दीत, १८८६ मध्ये, त्या मौला अलीहून मलकपेठेस नेण्यात आल्या. लहान चणीच्या घोड्यांच्या शर्यतींत त्या काळी उंचीप्रमाणे वजन देण्याचा प्रघात होता, म्हणजे घोडा जितका उंच तितके त्याच्या पाठीवर अधिक ओझे; त्यामुळे मोजणीच्या वेळी घोड्याने खांदे जरा पाडून उभे राहावे यासाठी अनेक युक्त्या लढवल्या जात.

या शर्यतींत घोड्यावर कोण बसे, हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. बराच काळ दोन प्रकारचे स्वार शेजारी शेजारी धावत होते. एक हौशी, बहुधा लष्करी अधिकारी, ज्यांना ‘जंटलमन रायडर’ म्हणत आणि ज्यांनी पैसे न घेणे हाच त्यांच्या मोठेपणाचा पुरावा मानला जाई. दुसरे तबेल्यातून वर आलेले देशी स्वार, सईसाची, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्याची मुले, किंवा नव्या घोड्याला लगाम-खोगिराची सवय लावणाऱ्या चाबूकस्वारांच्या हाताखाली शिकलेली पोरे. पहिल्या वर्गाने आठवणी लिहिल्या, दुसऱ्याने लिहिल्या नाहीत, आणि म्हणून या धंद्याचा जो इतिहास छापला गेला तो मालकांचा, घोड्यांचा आणि चषकांचा आहे. ज्यांच्या मांड्यांच्या पकडीवर ते चषक आले त्यांना त्यात क्वचितच जागा मिळाली.

बसण्याची पद्धतही याच काळात बदलली. रिसाल्याचा स्वार लांब रिकिबीत पाय सोडून, पाठ ताठ ठेवून बसे, कारण त्याला एका हाताने भाला किंवा तलवार चालवायची असे. स्वार, खोगीर, हत्यारे आणि सामान मिळून त्याचा घोडा शंभर किलोंहून बराच अधिक भार वाहत असे. शर्यतीचे जुने स्वारही साधारण याच ढंगाने बसत. १८९७ मध्ये टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी इंग्लंडात आला तो रिकिबी आखूड करून घोड्याच्या मानेवर ओणवा झालेला. आधी त्याला माकड म्हणून हसले गेले आणि मग थोड्याच वर्षांत सर्वांनी तेच आसन उचलले. त्यात स्वाराचे ढुंगण खोगिराला टेकत नाही, सारा तोल पायाच्या चवड्यांवर आणि गुडघ्यांवर राहतो, शरीराचा भार घोड्याच्या खांद्यांवर येतो आणि त्याची पाठ मोकळी राहते. दख्खनच्या घोडदळी परंपरेतून आलेल्या माणसाला ही मांड म्हणजे मांडच नव्हे असे वाटले असेल तर नवल नाही.

मुंबईतील शर्यती भायखळ्याहून महालक्ष्मीस आल्या त्या १८८३ मध्ये. १९१२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील शर्यतीची मैदाने परवान्याखाली आली. १९२५ मध्ये वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब हे नाव स्वीकारले गेले आणि १९३५ मध्ये त्यास ‘रॉयल’ ही उपाधी मिळाली. क्लबाच्या पंचांना, म्हणजे स्टुअर्डांना, जॉकीचा परवाना देण्याचा, स्थगित करण्याचा आणि काढून घेण्याचा अधिकार असतो; पागेच्या शिस्तीची जागा नियमपुस्तकाने घेतली ती येथे. चार वर्षांच्या घोड्यांसाठीची २४०० मीटरची इंडियन डर्बी १९४३ मध्ये प्रथम धावली गेली आणि ती बडोद्याच्या महाराजांच्या प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन जॉकीच्या हातून जिंकली. संस्थानिक परदेशी जॉकी हंगामापुरते करारावर आणत, आणि ब्रिटने याच महाराजांचा सयाजीराव हा घोडा १९४७ मध्ये इंग्लंडच्या सेंट लेजर शर्यतीत विजयी केला. बारगीर दुसऱ्या खंडातून मागवण्याइतकी ही श्रीमंत पागा होती. या परदेशी जॉकींच्या सावलीत शिकलेल्या देशी जॉकींनी पुढे मैदान ताब्यात घेतले. पांडू खाडे, श्यामू चव्हाण, वसंत शिंदे अशी मराठी नावे विसाव्या शतकातील शर्यतपुस्तिकांत ठळक झाली. पेसी श्रॉफ यांनी तर इंडियन डर्बी आठ वेळा जिंकली आणि निवृत्तीनंतर ते प्रशिक्षक झाले.

शर्यतपुस्तिका ही शर्यतीच्या दिवशी मिळणारी छापील यादी. तीत प्रत्येक घोड्यापुढे मालक, प्रशिक्षक, वजन आणि शेवटी जॉकी येतो. वजनाचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण ‘हँडिकॅप’ शर्यतीत चांगल्या घोड्याला अधिक आणि कच्च्या घोड्याला कमी ओझे देऊन सर्वांना एका पातळीवर आणण्याचा प्रयत्न असतो. डर्बीत सर्व नरांना सारखे ५७ किलो आणि माद्यांना दीड किलो कमी असते, पण इतर शर्यतींत हा आकडा पन्नाशीच्या आसपासही उतरतो. त्यात जॉकीचे शरीर, कपडे, बूट आणि खोगीर सारे धरलेले असते. हेल्मेट आणि चाबूक त्यात मोजत नाहीत. जॉकी हलका असेल तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालून वजन भरले जाते, आणि जड असेल तर तो घोडा त्याच्या हातून जातो. म्हणून रात्रीचे जेवण टाळणे, उन्हात जाड कपडे चढवून पळणे, वाफेच्या खोलीत बसून अंगातले पाणी काढणे, हे त्याच्या नोकरीचे न लिहिलेले कलम असते. घसा कोरडा, पोट रिकामे, आणि खाली ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावणारे अर्ध्या टनाचे जनावर : या अवस्थेत त्याने दोन घोड्यांमधली फट क्षणात ओळखून तीत शिरायचे असते. फट मिटली तर गळपट्टीचे हाड मोडते, आणि तेवढ्यावर निभावले तर धंद्यात ते नशीबच समजतात.

शिकाऊ जॉकीला काही किलोंची सूट मिळते आणि जसजसे विजय वाढतात तसतशी ती कमी होत जाते. सूट संपली की खरी परीक्षा सुरू होते, कारण आतापर्यंत स्वस्त ओझे म्हणून त्याला बसवणारे प्रशिक्षक आता केवळ कसबासाठी बसवतील की नाही याची खात्री नसते. पहाटे अंधारात घोड्यांचा सराव, ज्याला तबेल्यात ‘गॅलप’ म्हणतात, आणि दुपारी शर्यत, असा दिवस जातो. उत्पन्न म्हणजे प्रत्येक स्वारीची ठरलेली फी आणि जिंकलेल्या बक्षिसातला हिस्सा. पैज लावण्यास त्याला सक्त मनाई असते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. आर. लक्ष्मणन खटल्यात घोडेशर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असा निर्वाळा दिला, आणि त्यात घोड्याच्या जातीबरोबर व तालमीबरोबर स्वाराचे कसबही गणले गेले. बारगीराच्या कसबाला कायद्याची अशी मोहर त्यापूर्वी लागल्याचे दिसत नाही, जरी निकालाचा लाभ जॉकीपेक्षा क्लबांना आणि पैज घेणाऱ्यांना अधिक झाला.

जॉकीच्या आणि घोड्याच्या निवृत्तीची तुलना पुण्यात सहज करता येते. १९४६ मध्ये सुरू झालेल्या पूनावाला यांच्या अश्वपैदास केंद्रातील निवृत्त घोड्यांच्या रक्तद्रवापासून प्रतिविष औषधे बनत, आणि त्या अनुभवातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. घोड्याच्या रक्तालाही असे मोल आले. जॉकींपैकी थोडे प्रशिक्षक होतात, काही पहाटेच्या गॅलपपुरते घोड्यावर बसत राहतात, आणि उरलेल्यांचे नाव पुढल्या हंगामाच्या पुस्तिकेत नसते एवढेच.

संभाजीनगरच्या छावणीत आता गुरुवारचा आठवडी बाजार भरतो आणि रिसाल्याच्या पागांची आठवण ‘छावणी’ या नावापुरतीच उरली आहे. महालक्ष्मीवर शर्यत संपली की जिंकलेला जॉकी घोड्यावरून उतरतो, तंग सैल करून आपल्या हातांनी खोगीर काढतो आणि ते छातीशी धरून तराजूकडे चालू लागतो. मधल्या वाटेत कोणी त्याच्या खोगिराला हात लावलेला चालत नाही. मालक आणि पाहुणे घोड्याभोवती छायाचित्रासाठी उभे राहतात. तराजूवर काटा पुन्हा मूळच्या आकड्यावर आला म्हणजे निकाल पक्का होतो, सईस घोड्याला चालवत घेऊन जातो, आणि जॉकी मालकाच्या रंगांचा रेशमी सदरा उतरवून पुढच्या शर्यतीतल्या दुसऱ्या मालकाचा सदरा अंगात घालतो.